भट्टीला विटाळ नसतो

वैशाख लागला की आमच्या गावात दोन आवाज सुरू होतात. एक वरातीच्या बँजोचा आणि दुसरा कासाराच्या पेटीतल्या बांगड्यांचा. बँजोनं डोकं उठतं, पण तो थांबला की डोकं शांत होतं. बांगड्यांचा आवाज तसा हलका, गोड, ऐकत राहावा असा. आणि तो ऐकला की माझ्या मस्तकात जी तिडीक उठते ती जूनपर्यंत उतरत नाही. कासारावर माझा राग नाही. काचेवर तर नाहीच नाही. सांगलीच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवते आणि काचेचा धडा आला की तास संपल्याची घंटा मला ऐकू येत नाही, हे माझ्या विद्यार्थ्यांना चांगलं ठाऊक आहे. राग आहे तो आम्ही त्या काचेचं जे करून ठेवलं त्याचा.

यंदा तर सुमनवैनीच्या नातीचं लग्न. पत्रिका हातात पडली त्याच क्षणी मला पुढचं सगळं दिसलं. सोप्यात कासार बसणार, भावकीतल्या झाडून सगळ्या बायका हात पुढं करणार, नवरीचा चुडा भरला जाणार. आणि जिनं त्या पोरीला न्हाऊमाखू घातलं, शाळेत पोचवलं, तापात रात्ररात्र मांडीवर घेतलं, ती सुमनवैनी रिकाम्या हातांनी चहाचं ताट घेऊन आतबाहेर करणार. तिच्या त्या हातांवर शेवटची काच होती तेव्हा मी परकर-पोलक्यात होते. तो उन्हाळा माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

आमचं गाव कृष्णाकाठचं. कऱ्हाडच्या खाली, सांगलीच्या वर. गावाला जुनी पांढर आहे, म्हणजे कधीकाळच्या वस्तीचं टेकाड. तिचा नदीकडचा कडा दरसाल थोडा थोडा ढासळायचा. उन्हाळ्यात पाणी आत सरलं की दरडीत एकावर एक पट्टे दिसायचे. राखेचा, खापरांचा, जळक्या मातीचा. आणि मधेच कुठं तरी लकाकणारी काच. काळीभोर बांगडी, तिच्यावर पिवळी रेघ. मोरपंखी रंगाचा मणी, मोहरीपेक्षा जरासा मोठा. एखादा तुकडा वरून काळाच वाटायचा, उन्हाकडे धरला की मग आतला निळा उमलायचा. आम्ही पोरी परकराचा ओचा करून हे सगळं गोळा करायचो. मोठी माणसं सांगायची, पांडवांच्या बायकांच्या बांगड्या त्या. पांडवांनी आमच्या तालुक्यात येऊन नेमकं काय काय केलं हा वेगळाच विषय आहे. जुनं काही सापडलं की त्यांच्या नावावर टाकलं आणि आम्ही मोकळे, म्हणजे ते घडवणाऱ्या माणसाचा विचार करायला नको.

त्या उन्हाळ्यात मी आणि माझी मैत्रीण नली, दोघींना एकच वेड होतं. काचेची साखळी. आता ती कुणी करत नाही, म्हणून सांगते. फुटक्या बांगडीचा तुकडा चिमट्यात धरून रॉकेलच्या चिमणीवर तापवायचा. आधी त्याच्यावर काजळी धरते. मग काजळीतून लाली दिसायला लागते. मग काच हळूच मान टाकते. तेवढ्या एका क्षणात दुसऱ्या चिमट्यानं तिची दोन्ही टोकं एकमेकींना टेकवली की झाली कडी. पुढचा तुकडा त्या कडीतून ओवून तापवायचा, वाकवायचा. अशा कड्यांत कड्या अडकवत पोरी दाराची तोरणं करायच्या. गोठ्यात, वैरणीपासून लांब, भर दुपारी आम्ही हा उद्योग करत बसायचो. रॉकेलचा वास, शेणाचा वास, पोळलेलं बोट तोंडात, आणि डोळ्यांसमोर कडक वस्तू मऊ होत असलेली. मला पुढं आयुष्यात जे काही शिकावंसं वाटलं ते त्या गोठ्यात वाटलं.

पांढरीतल्या जुन्या काचा सहजासहजी वाकत नसत. चिमणीला दाद द्यायच्या नाहीत, काही तर तडकून उडायच्या. नली म्हणायची, “म्हाताऱ्या हायत गं त्या, हाडं मोडत्यात त्यांची.” खरं कारण मला फार पुढं कळलं. त्यांची घडणच वेगळी. आजच्या काचेत सोडा कारखान्यातला असतो. त्या माणसांनी नदीची वाळू घेतली, जमिनीवर फुटलेला खार खरवडून घेतला, आणि बाभळीच्या जाळावर भाता मारत मारत त्या दोघांना एकजीव केलं. वाळू एकटी वितळायला तयारच नसते. तिच्या जोडीला खार दिला की ती नमते. रंगासाठी तांब्याचा कीस घातला की मोरपंखी, लोखंड वाढलं की काळा. वितळलेल्या लगद्याचा गोळा लोखंडी सळईवर घ्यायचा, त्याला भोक पाडायचं आणि मातीच्या सुळक्यावर गरगर फिरवत तो गोळा मोठा मोठा करत न्यायचा. सांधा नाही, जोड नाही. हात जरा थांबला की कडं जाड होणार, घाई केली की तुटणार. हे सगळं हजार अंशांच्या आसपास, उघड्या अंगानं, तोंडावर धग घेत. अडीच-तीन हजार वर्षं ह्या देशात माणसं हे करत आली.

आणि आमच्याकडे भित्र्या पुरुषाला काय म्हणतात? हातात बांगड्या भर. पारावर बसून तंबाखू मळणारा, उन्हात अर्धा तास उभा राहिला की ज्याला घेरी येते, तो हे म्हणतो. निवडणुकीत तर सभेगणिक म्हणतात. एकदा तरी त्या भट्टीच्या तोंडाशी उभं राहून म्हणून दाखवा.

असो. खाराचं आलं म्हणून सांगते. आमच्या खालच्या अंगाच्या शेतांत आता उन्हाळ्यात पांढरा थर फुटतो. वर्षानुवर्षं उसाला पाटानं पाणी पाजलं, जमिनीला श्वास घ्यायला जागा ठेवली नाही, आता ती खार ओकते. ज्या पांढऱ्या मातीवर कुणी एका काळी काच पिकवली तिच्यावर आम्हाला कुसळही पिकवता येत नाही. आणि उरलेल्या शेतांना चांगली राखेची माती हवी म्हणून काय करायचं, तर पांढर खणायची! जेसीबी लावून अर्धं टेकाड ट्रॉल्या भरभरून उसात नेऊन टाकलं. बायकांच्या किती पिढ्यांच्या बांगड्या आज रोटाव्हेटरखाली बारीक होत असतील देव जाणे. मी तक्रार केली तेव्हा एक जण म्हणाला, “मॅडम, त्यात सोनं निगालं तर सांगू तुमाला.”

तर तो उन्हाळा. गावात बापू कासार यायचा, तासगावहून सायकलवर. त्याच्या घराला लागून बेदाण्याचं शेड होतं, त्यामुळं त्याची पेटी उघडली की आधी बेदाण्याचा वास यायचा आणि मग बांगड्या दिसायच्या. लग्नघरी तो सकाळपासून सोप्यात बसायचा. बाईचा हात हातात घेऊन बोटं अशी काही एकत्र दाबायचा, की हाडांची मोळी व्हायची आणि एवढीशी बांगडी सरकन मनगटावर. चुकून फुटली तर ती त्याची. बाईकडून तिचे पैसे घ्यायचे नाहीत, हा कासाराचा नेम. त्याच्या सायकलच्या दांडीला एक गोणपाटाचं पोतं असायचं. फुटक्या बांगड्यांचं. आम्ही पोरींनी ओंजळभर तुकडे त्यात टाकले की तो एक साधी बांगडी द्यायचा. “ह्याचं काय करता वो मामा?” असं नलीनं विचारलं तर म्हणायचा, “ह्याच्याच परत बांगड्या हुत्यात, पोरी.” आम्हाला ती थाप वाटायची. फुटलेलं कुठं परत होतं का!

सुमनवैनी आमच्या शेजारच्या घरची सून. लग्न होऊन तीनएक वर्षं झालेली, कडेवर पोरगा, नवरा पलटणीत. आमच्या भागात घरटी एक तरी माणूस फौजेत, त्यामुळं नवरा लांब असणं ह्यात कुणाला काही वाटायचं नाही. हसरी होती. धुणं बडवताना तिच्या बांगड्यांचा आवाज आमच्या परड्यापर्यंत यायचा, आणि आई म्हणायची, सुमीला घाटावर कधी हाक मारावी लागत नाही, ती कुठं आहे ते कानाला कळतं. त्या वैशाखात तार आली. बर्फाच्या मुलखात गाडी घसरली होती. पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. गल्लीत चुली पेटल्या नाहीत. उन्हात उभ्या बायका. पोरांना मळ्यात पिटाळलेलं.

दहाव्याला बायका तिला नदीवर घेऊन गेल्या. आम्हा पोरींना तिकडं फिरकायचं नाही अशी ताकीद होती, का ते सांगितलं नव्हतं. आमच्याकडे कधीच का ते सांगत नाहीत. बांगड्या फोडल्या असंही आमच्याकडे म्हणत नाहीत, वाढवल्या म्हणतात. दगडावर हात आपटायचा, काच मनगटात घुसते, रक्त येतं, आणि म्हणायचं वाढवल्या! शब्दाला तरी लाज वाटायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि नली घाटावर गेलो आणि आम्हाला घबाड मिळालं. एरवी गल्लीत दिवसभर फिरून चार-सहा तुकडे मिळायचे, तेही सतरा रंगांचे. इथं दगडाच्या कपारीत, वाळूत, पाण्याच्या कडेला, सगळीकडे एकाच रंगाची काच. हिरवीगार, त्यावर बारीक सोनेरी टिकल्या. आम्ही ओचा भरून आणली. शपथेवर सांगते, ती कुणाची हे आमच्या डोक्यात आलंच नाही. आम्हाला एवढंच दिसलं, की यंदा आपलं तोरण एकरंगी होणार.

पुढचे काही दिवस आम्ही गोठ्यातून उठलो नाही. मधे मधे खुलून दिसावेत म्हणून पांढरीतले काळे-निळे तुकडे बसवले. ते वाकत नव्हते, मग नुसते हिरव्या कड्यांत अडकवून टाकले. कड्या राखेनं घासून काजळी काढली. आणि एका सकाळी आमच्या दाराच्या चौकटीला ते तोरण टांगून आम्ही उंबऱ्यावर बसलो, येईल-जाईल त्यानं बघावं म्हणून.

पहिली आली ती तानूआत्या. वडिलांची आत्या, गावातच दिलेली, भावकीत कुणाचं काय शिवतं, काय चालतं, काय चालत नाही, हे तिच्या तोंडून आल्याशिवाय पान हलायचं नाही. ती तोरणाकडे बघत राहिली.

“कुठनं आणलासा गं ह्या काचा?”

“घाटावरनं,” नली तोऱ्यात म्हणाली.

“आगं भवान्यांनो! त्या सुमीच्या हातातल्या हायत! दारात टांगलासा व्हय? घर बुडवायला निगालासा?”

तिचा आवाज ऐकून चार दारं उघडली. आई धावत आली. बायका तोंडावर पदर घेऊन दोन पावलं मागं सरल्या, जणू तोरणातून साप खाली पडणार होता. आणि त्या गलक्यात शेजारच्या दारातून सुमनवैनी बाहेर आली. कपाळ मोकळं, मनगटावर खपल्या, कडेवर पोरगं. एवढ्या दिवसांत मी तिला पहिल्यांदाच बघत होते. ती सरळ आमच्या दारापाशी आली आणि तोरण बोटांत घेऊन बघायला लागली. काच किणकिणली. कडेवरचं पोरगं त्या आवाजाला हसलं.

“झाक जमलंय गं पोरींनू,” ती म्हणाली. “माझ्या हातात हुत्या तवा कवा एवढ्या चमकल्या न्हाईत.”

“सुमे, आत हो,” तानूआत्या म्हणाली. “दुसऱ्याच्या उंबऱ्यात हुबं ऱ्हाऊ नगं.”

ती आत गेली. तानूआत्यानं काठीनं तोरण चौकटीवरून काढलं, हात लावला नाही, काठीनंच ढकलत उकिरड्यापर्यंत नेलं. आमच्या आईनं उंबरा धुतला. आमची आई वाईट बाई नव्हती. गल्लीतली कुठलीच बाई वाईट नव्हती, ह्याचाच मला जास्त संताप येतो. त्यांतल्याच निम्म्या जणी सुमनवैनीला रात्री सोबत म्हणून तिच्या घरी झोपायला जात होत्या.

पण गोष्ट तिथं संपली नाही. पुढच्या बाजारी बापू कासार आला. पोत्यात टाकायला काही मिळतं का ह्या सवयीनं त्यानं उकिरड्याकडे नजर टाकली, तोरण उचललं, झटकलं आणि इतर तुकड्यांबरोबर पोत्यात कोंबलं. मी बघत होते. मग तो आमच्याच सोप्यात बसला आणि तानूआत्यानं त्याच्यापुढं दोन्ही हात केले.

“आत्या, हिरव्या का लाल?”

“हिरव्याच भर. वडाची पुनव आली.”

त्या वयात मला ह्यात काय खटकलं ते सांगता आलं नसतं. पण पोतं आणि पेटी, दोन्ही एकाच सायकलला होती, एवढं मी बघून ठेवलं.

मोठी झाल्यावर एकदा उत्तरेत बांगड्यांच्या भट्ट्या बघायला गेले होते. फाटकाच्या आत शिरले आणि तिथंच थबकले. फुटक्या बांगड्यांचे ढीग. इकडं हिरवा, तिकडं लाल, पलीकडं निळा, माणसापेक्षा उंच. देशभरातून पोती येतात, निवडतात, धुतात आणि घमेल्यांनी भट्टीत लोटतात. कारण नवा माल एकटा वितळायला वेळ लावतो. जुनी काच एकदा जाळातून गेलेली असते. ती लवकर वितळते आणि बाकीच्यांना सोबत घेते. ही काही आजची युक्ती नाही. पूर्वापार कारागीर फुटकी काच जपून ठेवत आले आणि परत मुशीत टाकत आले. म्हणजे आमच्या पांढरीतली काळी बांगडी कुणाच्या तरी आधीच्या बांगडीतून आलेली असू शकते, आणि ती तिच्या आधीच्या. मी त्या हिरव्या ढिगाजवळ उकिडवी बसले. सोबतच्या प्राध्यापकांना वाटलं मला ऊन लागलं.

ढिगात भांडी घासताना फुटलेल्या होत्या. भांडणात फुटलेल्या होत्या. पोरानं ओढून फोडलेल्या, कासाराच्या हातून फुटलेल्या, आणि घाटावरच्या दगडावर फोडलेल्याही होत्या. कुठली कुठली, ते काचेवर लिहिलेलं नसतं. पांढरीतल्या तुकड्यांवरही नव्हतं. एका वस्तुसंग्रहालयात काचेच्या पेटीत असे तुकडे मांडलेले बघितले, खाली चिठ्ठी, ‘बांगड्यांचे अवशेष’, आणि शतक. विद्वानांनी शतक ओळखलं. ती बाई रडत होती की हसत होती, हे त्यांनाही कळायला मार्ग नव्हता. जे भट्टीला कळत नाही, पंडिताला कळत नाही, ते फक्त आमच्या तानूआत्याला बरोबर कळत होतं.

आणि ह्याच्यापेक्षा मोठा विनोद असा की देशातली प्रत्येक सवाष्ण, वडाला सूत गुंडाळणारी, ओटी भरून घेणारी, विधवेची सावली नको म्हणून पदर सावरणारी, ती मनगटावर विधवांची काच घालून फिरते आहे. कायमची. पिढ्यान्पिढ्या. आणि कुणाचाही नवरा त्यामुळं मेलेला नाही.

आमच्या ग्रामपंचायतीनं मध्यंतरी ठराव केला. विधवांच्या बांगड्या फोडायच्या नाहीत, त्यांना मान द्यायचा. चावडीच्या भिंतीवर निळ्या अक्षरांत रंगवला. फोटो निघाले. मी पेढे खाल्ले, खोटं कशाला बोलू. पुढं महिन्याभरात वरच्या आळीत एक माणूस गेला आणि त्याच्या बायकोला बायकांनी नदीवर नेलं, त्या भिंतीवरून. वाट तीच आहे. ठरावाचं पुढं काय झालं असं विचारलं तर सरपंच म्हणाले, “आमी कुनावर जबरदस्ती करत न्हाई.” आणि दगडावर हात आपटतात ती काय करतात? गुदगुल्या?

तर परवा ऋतुजाचा चुडा होता. ऋतुजा म्हणजे सुमनवैनीची नात. त्या दिवशी कडेवर जो हसला होता त्या पोराची पोर. पुण्यात नोकरी करते. बापू कासाराचा मुलगा सुरेश मोटरसायकलवरून आला, पेटी उघडली, बेदाण्याचा वास आता येत नाही. तानूआत्या जाऊन बरीच वर्षं झाली, पण असली गादी आमच्याकडे रिकामी राहत नाही. तिची सून शकूकाकी आता तिथं बसते. सुमनवैनी चहाचं ताट घेऊन स्वैपाकघराच्या दारात उभी होती. जसं मी पत्रिका बघून पाहिलं होतं, अगदी तसंच.

“आधी आज्जी,” ऋतुजा म्हणाली. “मग मी.”

शकूकाकी हसली, मायेनंच हसली. “आगं तसं नसतं बाळा. आज्जी बसंल की शेजारी, डोळं भरून बघंल. बांगड्या भरायचं त्यांचं दीस गेलं.”

“कुणी घालवले?”

“कुनी घालवलं न्हाईत. आपल्या मनाला बरं वाटत न्हाई, दुसरं काय न्हाई. उद्या काय वाईट-वंगाळ झालं तर?”

इथं मी तोंड उघडलं. वाळू, खार, मूस, उत्तरेतले ढीग, पांढर, ठराव, सगळं एका दमात बाहेर काढलं. घाटावरच्या काचा आणि तोरणसुद्धा. माझा आवाज चढला होता. बोलून झालं तेव्हा बायका माझ्याकडे तशाच बघत होत्या जसे माझे विद्यार्थी बघतात. शकूकाकीनं शेजारचा कप उचलून माझ्यापुढं धरला. “घ्या मास्तरीणबाई, चा घ्या. गार हुतोय.”

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, रागानं. एवढं शिकून, एवढं ओरडून, हातात चहाचा कप.

सुमनवैनीनं ताट खाली ठेवलं. पदराला हात पुसले आणि ती येऊन सुरेशच्या समोर बसली.

“सुरेश, ही शालन सांगती ते खरं हाय का रं? नव्या बांगडीत जुनी फुटकी काच असती?”

सुरेशनं एकदा शकूकाकीकडे बघितलं, एकदा पेटीकडे. अख्ख्या भावकीचं गिऱ्हाईक समोर बसलेलं. “आता वैनी, कारखान्यातलं आमाला काय ठावं?”

“तुजा बा तर पोत्यानं न्यायचा की. घरी नेऊन आमटी करायचा व्हय?”

कुणी तरी फिसकन हसलं. सुरेश कान खाजवायला लागला. “असती,” तो शेवटी म्हणाला. “फुटक्याबिगर भट्टी चालत न्हाई.”

बायकांनी आपापल्या हातांकडे बघितलं. शकूकाकीचा हात पदराखाली गेला आणि परत बाहेर आला. नेऊन नेऊन नेणार कुठं? क्षणभर मला फार बरं वाटलं, आणि लगेच वाटलं, ह्याच्यासाठी एका बाईला उभं आयुष्य थांबावं लागलं. ती पंचवीशीची असताना ह्यातल्या एकीनं तरी चहाचा कप बाजूला ठेवून, तुला काय वाटतं, असं तिला विचारलं असतं तर? मीही नव्हतं विचारलं. मला वाटलं होतं तिच्या वतीनं भांडलं की झालं.

सुमनवैनीनं उजवा हात पुढं केला. उसाच्या पाल्यानं चिरलेला, उन्हानं काळवंडलेला हात.

“मग माझ्याबी हुत्या की त्यात,” ती म्हणाली. “माझं मला भर.”

सुरेशनं तिची बोटं हातात घेतली. बापासारखीच मोळी केली, दाबली, हिरवी बांगडी अंगठ्याच्या हाडापर्यंत आणली. पण त्या हाताची बांगडीची सवय गेली होती. हाडं वाकेनात. तिनं ओठ दाबले. त्यानं जरा जोर लावला आणि काच कडकन फुटली.

सोप्यातल्या सगळ्या बायकांनी एकदम श्वास आत घेतला. शकूकाकीच्या तोंडून “आई गं” निघालं. ऋतुजा अर्धी उठली. सुमनवैनीच्या हातावर रक्ताचा एक थेंब आला, तो तिनं दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं पुसला. मांडीवर पडलेले हिरवे तुकडे एकेक करून वेचले आणि सुरेशच्या पुढ्यात ठेवले.

“हे टाक पोत्यात,” ती म्हणाली, आणि हात तसाच पुढं धरून ठेवला. “मोठी बघ. दुसरी भर.”